टोपण लावण्याची घाई

"जेवणात काय होतं हो?"

एका स्पर्धेत एका बाईंनी मला हा प्रश्न विचारला होता. त्यांच्या जुळ्या मुली होत्या. एकाच तालमीत शिकलेल्या, एकाच मापाचे पोशाख, कसरतींचा एकच संच. छातीवरचा क्रमांक वाचल्याशिवाय कोण कोणती ते मला कळत नव्हतं. एक सकाळी साडेनऊला आली, तिला मी ७.९० दिले. दुसरी जेवणाच्या सुट्टीनंतर आली, तिला ८.२०. संध्याकाळी आई टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. आवाज अजिबात न चढवता म्हणाल्या, "मुली सारख्याच आहेत. संच तोच आहे. पंचही तेच आहेत. मध्ये फक्त तुमचं जेवण झालं. म्हणून विचारते, जेवणात काय होतं?"

मी प्रामाणिकपणे सांगितलं, "शिरा होता."

"मग पुढच्या वेळी दोघींनाही शिऱ्यानंतरच बोलवा," असं म्हणून त्या गेल्या.

मी मल्लखांबाचा पंच आहे. पोटासाठी एका शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो, संध्याकाळी पुण्यात धायरीला मल्लखांबाचा वर्ग घेतो आणि गेली सव्वीस वर्षं सुट्टीच्या दिवशी कुठल्या ना कुठल्या हॉलमध्ये टेबलामागे बसून दुसऱ्यांच्या मुलांना गुण देतो. या कामाबद्दल दिवाळी अंकात लिहायचं ठरलं तेव्हा बायको म्हणाली, "गमती लिहा. दिवाळीत लोकांना तुमचं पापनिवेदन नकोय." तिचा मान राखून गमतीपासून सुरुवात केली आहे. पण एका मुलीच्या बाबतीत मी पंच म्हणून चुकलो, आणि ते लिहिलं नाही तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. तिथवर गमतीगमतीतच जाऊ.

आधी आमचं काम काय ते सांगतो. कुस्तीत पाठ टेकली की टेकली. कबड्डीत रेषा असते. धावण्याच्या शर्यतीत घड्याळ असतं. आमच्याकडे यातलं काही नाही. मुलगी दोरीवर चढते, दीड मिनिटाच्या आत अंगाची नाना रूपं करून दाखवते, खाली उतरून सलामी देते आणि आम्ही म्हणतो, "८.४०." हे ४० आले कुठून, हा प्रश्न कोणालाही पडावा.

तर ते असे येतात. मुलगी चढते तेव्हा मनात आम्ही तिला पूर्ण दहा गुण दिलेले असतात, आणि मग एकेक कापत जातो. पायाची बोटं ताणलेली नाहीत, कापा. गुडघा वाकला, कापा. आसन पक्कं होण्याआधीच सोडलं, कापा. दोरीला उगाच झोका दिला, कापा. ऐकायला खाटकाचं काम वाटेल, पण नजर बसली की त्यात गोडी असते. मी सगळ्यात आधी बोटं बघतो. चेहरा हसरा ठेवायला कोणीही शिकवतं. पायाच्या बोटांना खोटं बोलता येत नाही.

पंच चार असतात आणि दोरीच्या चार बाजूंना बसतात, कारण एका बाजूने सरळ दिसणारा पाय दुसऱ्या बाजूने वाकलेला असू शकतो. चौघांचे आकडे आले की सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान गाळायचा आणि मधल्या दोघांची सरासरी काढायची. कोणी मेहेरबानी केली तरी तो आकडा गळतो, कोणी डूख धरला तरी गळतो. नियम फार शहाण्या माणसाने केला आहे. पण त्या नियमाच्या भरवशावर पंच काय करू शकतो, हे त्या शहाण्याला सुचलं नसावं. ते मला सुचलं.

माणूस म्हणून आमच्यात खोडी आहेतच. सकाळी पहिल्या येणाऱ्या मुलाला आम्ही हात राखून गुण देतो, न जाणो पुढे कोणी याहून सरस आला तर जागा असावी म्हणून. नावाजलेल्या तालमीचा पोशाख दिसला की आकडा आपोआप वर सरकतो. शिऱ्याचं तर झालंच सांगून. हे सगळं मान्य करूनही मला एका गोष्टीचा अभिमान होता. कोणीही येऊन विचारावं, माझ्या मुलाचं काय चुकलं, आणि मी कापलेल्या प्रत्येक दशांशाचं कारण सांगावं. जुळ्यांच्या आईंसमोर गडबडलो, पण त्यानंतर मी वहीत खुणा करायला लागलो आणि पुन्हा कधी अडकलो नाही. निदान मला तसं वाटत होतं.

या बाबतीत माझी खरी परीक्षा देवधरांनी घेतली. त्यांची मुलगी ईशा दोरीवर खेळायची. देवधर निवृत्त इंजिनियर. ते तिपाईवर कॅमेरा लावून स्पर्धा पहिल्या मुलीपासून शेवटच्या मुलीपर्यंत चित्रित करायचे. फक्त ईशाची नाही, सगळ्यांची. का, असं विचारलं तर म्हणायचे, "तुलनेसाठी. एकटा पुरावा कोर्टात टिकत नाही." स्पर्धा संपली की ते लॅपटॉप घेऊन आमच्या टेबलाकडे निघायचे. मग आमचे मुजावर सर एक पुठ्ठा पुढे सरकवायचे. त्यावर त्यांच्या सुंदर अक्षरात लिहिलेलं असायचं : 'पंचांशी वाद घालू नये. आम्ही आपापसात घालतोच आहोत.'

मुजावर सर हे माझे पंचगिरीतले सगळ्यात जुने सोबती. कॅम्पातल्या एका शाळेत शिक्षक, चार पिढ्यांचे पुणेकर, मराठी माझ्यापेक्षा शुद्ध. देवधर पुठ्ठा वाचायचे, "वाद नाही, विचारणा आहे," म्हणायचे आणि खुर्ची ओढून बसायचे. मी त्यांना वही उघडून एकेक खूण दाखवायचो. चाळिसाव्या सेकंदाला डावा अंगठा. बावन्नला झोका. ते चित्रफीत तिथे नेऊन थांबवायचे, डोळे बारीक करून बघायचे आणि शेवटी म्हणायचे, "बरोबर आहे. पण आवडलं नाही." पालकाकडून याहून चांगली पावती मला मिळालेली नाही. पुढच्या स्पर्धेला ते सगळ्यांच्या सगळ्या चित्रफिती पेनड्राइव्हवर भरून त्या त्या मुलीच्या हातात द्यायचे. फुकट.

आता आमच्या कामातली अडचणीची गोष्ट. मल्लखांबाचे पंच आभाळातून पडत नाहीत. जो शिकवतो तोच पंच होतो. त्यामुळे जिल्ह्याच्या स्पर्धेत टेबलामागे बसलेल्या प्रत्येकाचं एखादं तरी लेकरू समोर दोरीवर असतं. आपल्या वर्गातली मुलगी आली की हॉलमधली सगळी डोकी तुमच्याकडे वळतात. बघू, किती देतो.

मला त्या नजरांची फार भीती वाटायची. माझ्या आधीच्या पिढीतला एक पंच 'आपल्यांचा पंच' म्हणून इतका बदनाम झाला होता की तो हॉलमध्ये शिरला की पोरं कुजबुजायची. आपलं तसं होऊ नये म्हणून माझ्या वर्गातली मुलगी आली की मी मनातला आकडा थोडा खाली करूनच लिहायचो. खालचा आकडा बहुधा गळायचा. म्हणजे मुलीचं नुकसान नाही आणि गुणफलकावर सगळ्यांना दिसायचं, बघा, स्वतःच्या मुलीला सगळ्यात कमी दिलेत. लोक म्हणायचे, सर फार निःस्पृह आहेत. मला ते ऐकायला आवडायचं. आज लिहिताना शरम वाटते, पण आवडायचं.

वर्गातली मुलं मात्र हुशार. त्यांच्यात एक म्हण रूढ झाली होती. स्पर्धेच्या आदल्या दिवशी एकमेकांना विचारायची, "उद्या सर टेबलावर आहेत की आपल्या बाजूने?"

कांचन राऊत माझ्याकडे आली तेव्हा अकरा वर्षांची होती. तिचे वडील यवतमाळकडचे, नांदेड फाट्याजवळच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करायचे. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "सर, घरात पंख्याला लोंबकळते जी ही. पंखा तं गेला. म्हटलं, सरांच्या दोरीले तरी लोंबकळू द्या." पंखा खरंच गेला होता. कांचनने मान खाली घातली होती, पण नजर दोरीवरच होती.

तिच्यासारखी बोटं मी दुसऱ्या कोणाची पाहिली नाहीत. दोरीला गाठ नसते. पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या चिमटीत दोरी धरून वर चढायचं असतं, त्याने कातडी सोलवटते, आणि बहुतेक मुली पहिल्या महिन्यात रडतात. कांचन चिकटपट्टी लावून यायची आणि वर चढायची. सहा वर्षांत तिने तीन सुट्ट्या घेतल्या असतील. बाकी सगळे नावाने हाक मारायचे, मी तिला 'पंखा' म्हणायचो. तीही ओ द्यायची.

नऊ वर्षांपूर्वीची जिल्हा निवड स्पर्धा. अठरा वर्षांखालील गटातलं तिचं शेवटचं वर्ष. पहिल्या सहा मुली राज्य स्पर्धेला जाणार होत्या. कांचनला राज्य खेळायचं होतं, आणि या गटातून खेळायचं तर यानंतर संधी नव्हती. हे तिला माहीत होतं, तिच्या वडिलांना माहीत होतं आणि मलाही.

त्या दिवशी मी टेबलावर होतो. माझ्या बरोबर समोर, दोरीच्या पलीकडे, मुजावर सर. त्यांच्या मागे तिपाईवर देवधरांचा कॅमेरा. डाव्या-उजव्या बाजूला दोन बाहेरचे पंच. कांचनचं नाव पुकारलं गेलं आणि नेहमीप्रमाणे डोकी माझ्याकडे वळली. मागून कोणीतरी म्हणालंही, "आता सरांची पोरगी."

ती दोरीशी येण्याआधीच मी ठरवलं, ८.२०. तिची तयारी साडेआठच्या आसपासची होती, हे मला ठाऊक होतं. ८.२० सगळ्यात खाली येईल, गळेल, आणि कोणाला बोलायला जागा राहणार नाही. संच सुरू झाला. मी बघत होतो, म्हणजे डोळे तिकडे होते. निम्म्यावर आली तेव्हा चिठ्ठीवर ८.२० लिहिलं, घडी केली. माझं काम झालं होतं.

फलकावर आकडे लागले. ८.६०, ८.५०, ८.२० आणि ८.१०.

८.१० मुजावर सरांचे.

गळला तो त्यांचा आकडा. माझा राहिला. ८.२० आणि ८.५० ची सरासरी ८.३५. सहाव्या क्रमांकावर ८.४० घेऊन ईशा देवधर होती. कांचन सातवी.

बक्षीस समारंभाआधी ती माझ्याकडे आली. रडत नव्हती. पायाची चिकटपट्टी सोलत उभी राहिली आणि तिने विचारलं, "सर, माझं काय चुकलं?"

देवधरांना सेकंदासकट उत्तरं देणारा मी. माझी वही उघडीच होती आणि तिच्या नावासमोर एकही खूण नव्हती. मी म्हणालो, "काही नाही गं. छान झालं. नशीब म्हणायचं."

ती "बरं सर," म्हणून गेली. तिचे वडील मागे थांबले होते. मला वाटलं, आता हे बोलतील. बोलावं असंही वाटत होतं. ते म्हणाले, "वाईट नका वाटून घेऊ जी. तुमी होते ना तिथं टेबलावर? मंग अन्याय काऊन होईन?"

त्या वाक्यावर मी नऊ वर्षं झोपतो आणि उठतो आहे.

निघताना स्वारगेटला चहाला थांबलो तेव्हा मी मुजावर सरांना विचारलं, "८.१०? अहो, इतकी वाईट खेळली का ती?"

"नाही," ते म्हणाले. "चुका होत्या, पण ८.१० इतक्या नव्हत्या."

"मग?"

त्यांनी बशीत चहा ओतला. "तुमच्याच वर्गातली मुलगी, शेवटचं वर्ष. म्हटलं आज तुम्ही हात सैल सोडणार. तुमचा वरचा आकडा गळेल, पण न गळता मध्ये राहिला तर? म्हणून तोल राखायला मी थोडं खाली धरलं."

"मी तर तिला कमी दिले."

"ते मला आता कळतंय ना!" ते पहिल्यांदाच माझ्यावर चिडलेले मी पाहिले. "अहो, पक्षपात करायचा तर माणसाने नीट करावा. निदान समोरच्याला अंदाज तरी बांधता येतो."

दोन माणसांनी न्याय करायचा म्हणून ठरवलं, आणि दोघांनी मिळून एका मुलीला खाली ओढलं. त्या दिवशी चहाचे पैसे देताना आम्ही दोघंही "मी देतो" म्हणालो नाही. चहावाल्याने आपणहून विचारलं, "काय झालं, कोणी गेलं का?"

कांचन पुढे शारीरिक शिक्षणाच्या पदवीला गेली, वाघोलीच्या एका शाळेत लागली. दर गुरुपौर्णिमेला तिचा फोन यायचा. मी प्रत्येक वेळी ठरवायचो, आज सांगू. आणि म्हणायचो, "पंखा, जेवलीस का?"

मी काय केलं, तेही लिहितो. नव्या पंचांच्या प्रशिक्षण शिबिरांत मी शिकवायला जातो. तिथे हा किस्सा मी वर्षानुवर्षं सांगत आलो, 'एक पंच होता' असा. त्या पंचाची मुलगी, त्याची हुशारी, समोरच्याचा ८.१०. पोरं खूप हसायची. "पक्षपात करायचा तर नीट करावा" या वाक्याला तर टाळ्या पडायच्या. नाव न घेता कबुली दिली की मन हलकं होतं असं मला वाटायचं. होत नाही. फक्त किस्सा चांगला रंगायला लागतो.

या वर्षीचं शिबिर वाघोलीतल्या एका कॉलेजात होतं. पहिल्या दिवशी हजेरीपटावर नाव वाचलं : कांचन राऊत. समोर दुसऱ्या रांगेत ती वही उघडून बसली होती. त्या दिवशी मी तो किस्सा सांगितला नाही. मागच्या वर्षीचा एक मुलगा दुसऱ्यांदा आला होता, तो ओरडलाही, "सर, तो ८.१० वाला सांगा ना!" मी म्हणालो, "वेळ नाही." वेळ भरपूर होता.

दुसऱ्या दिवशी सरावाचा तास. पडद्यावर जुन्या चित्रफिती दाखवायच्या आणि सगळ्यांनी गुण लिहायचे. तीन फिती झाल्यावर कांचन उठली. "सर, माझ्याकडे एक आहे. ती लावू? दोरीचीच आहे. देवधर काकांनी दिलेली."

कुठली फीत, ते मला कळलं. पण तीस जणांसमोर नाही काय म्हणणार? म्हटलं, "लाव."

पडद्यावर तो हॉल, ती दोरी, सतरा वर्षांची कांचन. आणि दोरीच्या पलीकडे, चौकटीच्या कोपऱ्यात, टेबलामागे काळ्या केसांचा आणि जाड मिशीचा एक पंच. आता माझे केस पांढरे आहेत आणि मिशी बायकोने काढायला लावली. कोणाला ओळख पटली नाही.

मुलगी दोरीवर उलटी झाली. त्याच वेळी त्या पंचाने चिठ्ठीची घडी केली, पेनाला टोपण लावलं, पेन खिशाला अडकवलं आणि हाताची घडी घालून बसला.

मागून एक मुलगा म्हणाला, "अरे, त्या पंचाला बघा! मुलगी अजून वर लटकतीये आणि हे पॅकअप करून मोकळे!"

अख्खा वर्ग हसला. "जेवायची घाई असेल," दुसरा म्हणाला. कांचन हसली नाही. तिने फीत शेवटपर्यंत चालू दिली, मग थांबवली.

मी उभा राहिलो. "तो पंच मी आहे," म्हणालो. "आणि ज्या मुलाला ८.१० वाला किस्सा हवा होता, त्याला सांगतो. तो किस्सा माझाच आहे. आणि ती मुलगी ही."

मग मी सगळं सांगितलं, या वेळी 'एक पंच' न म्हणता. कोणी हसलं नाही. सांगून झाल्यावर मी कांचनकडे वळलो. "नऊ वर्षं मी तुला सांगू शकलो नाही. माफ कर."

"सर," ती म्हणाली, "टोपण मला तेव्हाच दिसलं होतं."

"तेव्हाच?"

"उलटी होते, पण डोळे उघडे होते ना. मला वाटलं, माझं काहीतरी इतकं मोठं चुकलंय की सरांनी पुढचं बघायचंच सोडलं. म्हणून नंतर विचारलं. तुम्ही म्हणालात, नशीब. मग ही क्लिप मी ऑनेस्टली शंभर वेळा बघितली असेल, एवढं मोठं काय चुकलं ते शोधायला." तिने वही उघडली. "आता सांगा सर. काय चुकलं होतं?"

मी फीत पुन्हा लावायला सांगितली. खुर्ची पडद्याजवळ ओढली, वही घेतली, आणि त्या मुलीचा संच आयुष्यात पहिल्यांदा बघितला.

सुंदर होता. पण चुका होत्या. सुरुवातीच्या आसनात ती दोन क्षण कमी थांबली होती. एकदा दोरीला जादा झोका बसला होता. आणि निम्म्यानंतर, उलट्या अवस्थेतून वळताना, डावा गुडघा चांगलाच वाकला होता. डाव्या-उजव्या पंचांना त्या कोनातून तो दिसलाच नसता, म्हणून त्यांचे ८.५० आणि ८.६०. मला समोर दिसला असता. मी हाताची घडी घालून बसलो होतो.

मी एकेक चूक सेकंदासकट सांगितली. बेरीज झाली ८.३५. वर्गातल्या बहुतेकांचे आकडेही तिथेच मागे-पुढे होते. कांचनने वहीचं पान फिरवून दाखवलं. तिने स्वतःला ८.३० दिले होते.

म्हणजे निकाल बरोबर होता. ईशाची जागा ईशाचीच होती. मला हायसं वाटायला हवं होतं, आणि क्षणभर वाटलंही. पण मी फीत पुन्हा मागे नेली, कारण एक गोष्ट खटकली होती. टोपण अठ्ठेचाळिसाव्या सेकंदाला लागतं. गुडघा एक्कावन्नाव्याला वाकतो.

"कांचन," मी म्हणालो, "आधी टोपण आहे. मग गुडघा."

तिने पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. शंभर वेळा बघणाऱ्या मुलीला हे माहीत नसेल, असं मला वाटत नाही.

"सर," ती म्हणाली, "गुडघा माझा होता. आता तोही तुम्हीच घेता का?"

वर्ग हसला. मीही हसलो, जरा उशिरा. मग ती पुढे आली, माझ्या खिशाचं पेन काढून तिने त्याचं टोपण काढलं, पेन मला परत दिलं आणि टोपण स्वतःच्या पर्समध्ये टाकलं. "तास संपला की घेऊन जा," म्हणाली. दिवसभर माझ्या खिशाला निळा डाग वाढत होता. संध्याकाळी बायकोने विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, "प्रशिक्षण."

मुजावर सरांना फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "माझ्या ८.१० चं काही बोलली का ती?"

"नाही."

"फारच मोठ्या मनाची आहे. मी उद्या फोन करतो तिला." आणि त्यांनी केला.

गेल्या महिन्यात जिल्ह्याची स्पर्धा झाली. कांचन पहिल्यांदा टेबलावर होती, माझ्या बरोबर समोर. स्पर्धा सुरू होण्याआधी ती हॉल ओलांडून माझ्याकडे आली आणि तिने तळहात पुढे केला. मी टोपण काढून त्यावर ठेवलं. ते मुठीत घेऊन ती जागेवर गेली. बाजूच्या पंचाने विचारलं, "काय हो, कसली दक्षिणा?" मी म्हटलं, "जुनी."

दुपारी, जेवणानंतर, वाघोलीच्या शाळेची एक मुलगी दोरीशी आली. कांचनची विद्यार्थिनी. हॉलमधली सगळी डोकी कांचनकडे वळली. बघू, किती देते. मलाही मान वळवावीशी वाटली. तिची मूठ अजून बंद आहे का, चेहरा कसा आहे, पेन चालतंय का, सगळं बघावंसं वाटलं.

वळवली नाही. मुलगी अजून दोरीवर होती.